पडदेवालीने नापास केलेली कॉफी

पडदेवालीचा नवरा गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घ्यायचा. उभी हयात त्याने दुसऱ्याच्या शेजारी बसून काढली. गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, कागदावर फुल्या. शेजारचा उमेदवार घामाने डबडबलेला असायचा, आणि हा समोरच्या काचेकडे असा बघायचा की तिच्यावरही एक फुली मारावी की काय. गाडी थांबली की एकच वाक्य बोलायचा, ‘पुन्हा या.’ पास झालेल्यांना तेवढंही नाही, नुसता कागद हातात. कौतुक करायचा मला पगार मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. उंटावरून शेळ्या हाकण्याचा पगारी धंदा फार थोड्यांच्या नशिबी येतो, आणि त्याने तो निवृत्त होईपर्यंत मन लावून केला.

घरी आल्यावरही तो शेजारीच बसायचा. स्वयंपाकघरात ओट्यापाशी एक स्टूल होतं, ते त्याचं. पहिला घास तोंडात घालायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. ‘मीठ.’ मीठ जास्त की कमी, ते समोरच्याने ओळखायचं. एखाद्या दिवशी ‘करपट.’ एखाद्या दिवशी ‘गार.’ काहीच बोलला नाही तर समजायचं की आज निभावलं. लग्न होऊन दूर गेलेली मुलगी फोन करायची तेव्हा आईला पहिला प्रश्न हाच विचारायची, ‘आजचा निकाल काय?’ आणि दोघी हसायच्या. मुलगी मोकळेपणाने हसायची, कारण तिला त्या स्टुलाजवळ राहायचं नव्हतं.

पडदेवालीचं खरं नाव घरातल्या कागदांपुरतं उरलं होतं. सोफ्याचं आणि पडद्यांचं कापड विकणाऱ्या एका दुकानासाठी ती पडदे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, आणि मधोमध एक लांबलचक टेबल. जेवायच्या वेळी त्यावरचे पडदे उचलायचे आणि जेवण झालं की ताटं उचलून पुन्हा पडदे पसरायचे. भिंतीवरच्या फळीवर हुक, रिंगा, दोऱ्याची रिळं.

ती काही गरीब गाय नव्हती. नाकाने कांदे सोलण्यात नवऱ्याच्या तोडीस तोड होती. ऊन नको म्हणून जाड पडदे लावायचे आणि मग भर दुपारी दिवे लावून बसायचं, अशा गिऱ्हाइकांची तिला किळस यायची. सोफ्याला मॅचिंग पडदे हवेत म्हणून रंगासाठी महिना घालवायचा, आणि सोफा मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, असल्या लोकांबद्दल तर तिच्याकडे विशेषणांचा साठाच होता. पण काम करताना तिच्या ओठांत टाचण्या असायच्या, त्यामुळे यातलं काही बाहेर पडायचं नाही. सगळं गिळलं जायचं. नवऱ्याबद्दलचंही.

आठवड्यातून एकदा, बुधवारी, ती तयार पडदे दुकानात पोचवायची. येताना बस थांब्यासमोरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसायची. एक गार कॉफी घ्यायची आणि तासभर उठायची नाही.

त्या कॉफीबद्दल तिला एक शब्दही चांगला बोलता आला नसता. उंच ग्लास गळ्यापर्यंत बर्फाने भरलेला, बर्फाच्या फटींतून जाईल तेवढी कॉफी, आणि वर फेस. कॉफी कडू आणि पाणचट. या दोन गोष्टी एकत्र कशा साधतात हे तिला कधी कळलं नाही. खुर्च्या अशा की पाठ टेकली तर मान अवघडते. आजूबाजूला माणसं संगणक उघडून बसलेली, जशी काही जगाची किल्ली त्यांच्याकडेच आहे, आणि पडद्यावर बघावं तर बुटांच्या जाहिराती. हे सगळं ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघायची आणि मनातल्या मनात एकेकाला नावं ठेवायची. फार बरं वाटायचं. मुख्य म्हणजे काउंटरवरची मुलगी तिच्याकडे बघायची नाही. ‘नाव?’ असं विचारायची, पडदेवाली ‘पडदे’ म्हणायची, ती मुलगी तेच ग्लासावर लिहायची, आणि संपलं. तासभर तिचा कुणी निकाल लावायचा नाही. तिला त्या तासाइतकं प्रिय दुसरं काही नव्हतं. कॉफी हे त्या खुर्चीचं भाडं होतं.

झाकण असलेले ते प्लॅस्टिकचे ग्लास ती घरी आणायची, धुवायची आणि त्यांत हुक भरून फळीवर ठेवायची. नवरा नोकरीवर जात होता तोवर त्याचं तिकडे कधी लक्ष गेलं नाही. मग तो निवृत्त झाला. ज्याला परीक्षा घ्यायला जगात कुणी उरलेलं नाही असा माणूस घरात बसला म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. पहिल्या आठवड्यात त्याने दारांच्या बिजागऱ्या तपासल्या. दुसऱ्या आठवड्यात फळी.

“हे काय?” त्याने एक ग्लास उचलून विचारलं.

“हुकांचे डबे.”

“हे कॉफीचे ग्लास आहेत. एवढे सगळे?”

तिने टाचण्या ओठांत धरल्या. तिने मान हलवली.

त्याने ग्लास उन्हात धरला, फिरवला, आत डोकावला, आणि त्या कॉफीची त्या दुकानातली किंमत विचारली. तिने टाचण्या काढून ती सांगितली. तो आतलं स्टूल आणून त्यावर बसला, पाठीचा कणा ताठ केला, जणू काही गाडी आता सुरू होणार. “बर्फाचं पाणी विकतात ते. चमचाभर पावडर, पेलाभर दूध, उरलेलं सगळं बर्फ. यात आहे काय? घरी करू.”

“राहू द्या हो,” ती म्हणाली. “कधीतरी जाते मी.”

“एवढे ग्लास म्हणजे कधीतरी नाही, दर बुधवारी, पडदे पोचवून येताना. बघ, मी काय जबरदस्ती करणारा माणूस नाही. मी इथे कॉफी करतो. तू तपास. तू पास करेपर्यंत खुशाल जा तिकडे. एकदा पास केलीस की तिकडचं बंद. आहे कबूल?”

ती हो म्हणाली. त्याला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. शिवाय तिला वाटलं, या माणसाला कधी पाणी उकळता आलं नाही, तो कॉफी काय करणार. आपला तास सुरक्षित आहे.

त्याने फोनवर कॉफी करून दाखवणारी माणसं बघायला सुरुवात केली, आणि त्यांच्याविषयी त्याचं मत पहिल्याच दिवशी पक्कं झालं. ‘हा चमचा उलटा धरतो.’ ‘ही बाई बोलते जास्त आणि करते कमी.’ पण बघत राहिला. पहिल्या वेळी त्याने गरम कॉफी थेट बर्फावर ओतली आणि ग्लास तिच्यासमोर टेबलावर, पडद्यांच्या मधोमध आणून ठेवला.

“कशी आहे?”

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्याने तिला विचारला नव्हता. तिने टाचण्या बशीत काढून ठेवल्या. एक घोट घेतला. मग का कोण जाणे, डोळे मिटले.

“पाणी.”

तो ग्लास उचलून आत गेला. पडदेवालीने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या, पण त्या दिवशी शिवण सरळ येईना, कारण ओठ सारखे हसू बघत होते.

त्यानंतर त्याने कॉफीचाच बर्फ करायला घेतला. कडक कॉफी बर्फाच्या साच्यात गोठवायची, म्हणजे बर्फ वितळला तरी कॉफीत कॉफीच पडते, पाणी नाही. विचार चांगला होता, तिला मान्य करावं लागलं. पण साचा त्याने उघडाच ठेवला होता, आणि फ्रीजमध्ये सोललेल्या लसणाची वाटी होती. “लसूण,” ती म्हणाली. पुढच्या वेळी साखर तळाशी बसली. “साखर.” तो साखरेचा पाक करून बाटलीत भरायला शिकला. मग दूध फेसाळायला म्हणून झाकणाच्या बरणीत घालून हलवायला लागला आणि झाकण उडालं. छतावर दुधाचे ठिपके पडले आणि शेजारीण विचारायला आली की गळती कुठे आहे. पडदेवालीने नवऱ्याकडे बोट दाखवलं. गळती ओट्याशी फडकं घेऊन उभी होती.

या स्वस्ताईच्या पायी घरात काय काय आलं ते सांगायची सोय नाही. घट्ट झाकणाची बरणी आली. बर्फाचा मोठा साचा आला, कारण मोठे खडे हळू वितळतात. दोन प्रकारची पावडर आली. दूध रोज जास्त यायला लागलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण हे त्याला सांगणार कोण, आणि सांगून ऐकणार कोण. घरी केलेली गोष्ट फुकटच असते अशी त्याची खात्री होती, आणि गैरसमजात सुखी असलेल्या माणसाला जागं करायचं पुण्य पडदेवालीला नको होतं.

ती दर खेपेला एक शब्द बोलायची आणि दर बुधवारी ताठ मानेने कॉफीच्या दुकानात जायची. मजा अशी की आता तिला तिथे जायला पहिल्यापेक्षा जास्त आवडायला लागलं. मागे एक नापास झालेला नवरा सोडून आलेय, या विचाराने तिथली कडू कॉफीही जरा बरी लागायची. एकदा त्याने ग्लास ठेवला तेव्हा त्याचा हात किंचित थरथरला. उमेदवारांचे हात असेच थरथरत असणार. तिला दया यायला हवी होती. ती आली नाही. आला तो राग, की बघ, एवढ्याशा निकालाला तुझा हात थरथरतो, आणि तू इतरांना आयुष्यभर असं थरथरायला लावलंस.

काळजीची गोष्ट एकच होती, की कॉफी सुधारत चालली होती. कुणाला तरी फुल्या मारायची ज्याला उभी हयात सवय, त्याला आपल्या फुल्या नीट वाचता येतात. बारीक पूड रात्रभर थंड पाण्यात भिजत घालायची, उकळायची नाही, म्हणजे कडवटपणा उतरत नाही, हे त्याने कुठूनसं उचललं. गाळण्याच्या जाळीतून पूड खाली यायची म्हणून तिच्या टेबलाखालच्या टोपलीतली अस्तराची चिंधी घेतली.

“खळ,” तिने त्या दिवशी निकाल दिला. नव्या अस्तराला खळ असते, न धुता वापरलं की ती पाण्यात उतरते. ही चूक खरी होती. तिला हायसं वाटलं. पण त्याच्या पुढच्या खेपेला तिला चूक शोधावी लागली, आणि त्याच्याही पुढच्या खेपेला ती बनवावी लागली. ‘जास्त गोड,’ ती म्हणाली, आणि ती गोड नव्हती.

तो स्टुलावर बसून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. परीक्षक लबाडी करतोय हे परीक्षकाशिवाय कुणाला कळणार?

“रविवारी तुझ्या बहिणीला बोलव,” तो म्हणाला. “दुसरा परीक्षक हवा.”

धाकटी बहीण आली. ती गोड बोलणारी. कुणाच्याही घरी जाऊन कुणाचंही पाणीसुद्धा गोड आहे म्हणणारी. पडदेवालीने तिला दारातच हळू आवाजात बजावलं, “कॉफी चांगली लागली तरी चांगली म्हणू नकोस. नंतर सांगते.” बहिणीने मान डोलावली. पण तिची मान सगळ्यालाच डोलायची.

नवऱ्याने दोन ग्लास आणले. उंच ग्लास, मोठे काळसर खडे, मधे दुधाचा ढगाळ थर, वर बरणीत हलवून आणलेला फेस. दुकानात हा ग्लास ठेवला असता तर काउंटरवरच्या मुलीने फसून त्यावर कुणाचंतरी नाव लिहिलं असतं. बहिणीने घोट घेतला आणि तिला जन्मात एकदा खरं बोलायची वेळ आली.

“ताई,” ती म्हणाली, “अगं, ही तर दुकानातल्यापेक्षा भारी आहे. भाऊजी, कमाल केलीत तुम्ही.”

“माझं सोड,” भाऊजी म्हणाले. ते पडदेवालीकडे बघत होते. “ती काय म्हणते?”

पडदेवालीने घोट घेतला. पाणी नाही. लसूण नाही. साखर नेमकी. कडवट नाही, आणि जिभेवर पुडीचा एक कण नाही. तिने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि तिला कळलं की आता हातात काही उरलं नाही. फुली मारायला जागाच नव्हती. बुधवारचा तास ग्लासाच्या तळाशी चालला होता. एक कण तरी सापडायला हवा होता. तो का सापडत नाही, या विचाराशी ती अडकली.

“गाळलीत कशातून?”

तो याच प्रश्नाची वाट बघत होता. आत जाऊन त्याने धुऊन वाळत घातलेला एक चौकोनी तुकडा आणला. मलईच्या रंगाचं, अगदी बारीक विणीचं जाळीचं कापड. “अस्तराची खळ उतरते, मग मी हे घेतलं. तुझ्या टेबलावर घडी पडली होती ना, त्याच्या टोकाचा एवढासा तुकडा. दुमडीत जाईल, कळणारही नाही. आणि बघ, गरम पाण्यातून काढून मगच वापरला.”

टेबलाच्या टोकाला ती घडी होती. एका मोठ्या घराच्या मोठ्या खिडकीचं कापड, चौघडी घालून ठेवलेलं, बुधवारी द्यायचं. पडदेवाली उठली. तिने घडी उचलली, दोन्ही टोकं धरली आणि हात पसरून कापड झटकलं.

चौघडी घातलेल्या कापडाला चार कोपरे असतात. तीन कोपरे कडेचे असतात आणि चौथा मधला असतो. पडदे शिवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आयुष्यभर शेजारी बसलेल्याला ते सांगूनही कळत नाही. कापडाच्या बरोबर मधोमध, जिथून सकाळचं ऊन आत यायचं तिथे, एक खिडकी झाली होती. त्या खिडकीतून तिला नवऱ्याचा चेहरा दिसला, कुठे चुकलं ते न कळलेला.

बहिणीने ग्लास तोंडाला लावला आणि तो तिथेच ठेवला.

“बोल ना,” नवरा म्हणाला. “कॉफीचं काय?”

पडदेवालीच्या तोंडात त्या वेळी टाचण्या नव्हत्या. “पास,” ती म्हणाली. “मागच्या खेपेलाही पासच होती. त्याच्याही मागच्या. मी मुद्दाम नापास करत होते. मला दुकानातली कॉफी आवडत नाही. कडू असते, पाणचट असते, खुर्चीत मान धरते. मी तिथे कॉफीसाठी जातच नाही. तिथे तुम्ही नसता म्हणून जाते. आठवड्यात तासभर मला तुम्ही नको असता, एवढंच. बाकी काही नाही.”

आयुष्यभर गिळलेलं बाहेर पडलं आणि खोली तशीच उभी राहिली. मशीन होतं तिथे होतं. बहीण फेसाकडे टक लावून बघत होती. पडदेवालीला वाटलं, आता काहीतरी मोडणार. हा खाली बसेल, किंवा ओरडेल, किंवा त्याचं तोंड असं होईल की पुढे कधी त्याच्याकडे बघवणार नाही. त्याच भीतीने तर ती इतकी वर्षं गप्प राहिली होती.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. तिने त्याला लग्नाच्या फोटोतही इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

“म्हणजे पास,” तो म्हणाला. “आणि मागच्या खेपेलाही पास. मला वाटलंच होतं, गोड नव्हती ती.” तो मेव्हणीकडे वळला. “ऐकलंस ना? तू साक्षीदार आहेस. आता तिकडचं बंद. ठरलं होतं तसं.” आणि बरणी उचलून तो आत गेला, बहुतेक स्वतःसाठी एक ग्लास करायला. आतून बर्फाचा साचा आपटल्याचा आवाज आला.

बहीण हळूच म्हणाली, “ताई, त्यांनी ऐकलं का गं तू काय म्हणालीस ते?”

“नाही.”

“मग परत सांग. नीट सांग.”

“कशाला?” पडदेवाली भोक पडलेलं कापड घडी घालत होती, उगीचच, सवयीने. “काय झालं त्यांना? काही झालं का? मी मूर्ख. मला वाटायचं, एवढं बोललं तर हा माणूस उन्मळून पडेल. इतकी वर्षं जपलं गं मी त्यांना. जपायला आत कुणी नव्हतंच.”

तिने पर्स घेतली आणि दारातून आत आवाज दिला. “अहो. उद्या दुकानात जाऊन याच कापडाचा पुरा तागा आणा. तुमच्या पैशातून. आणि हे भोक पडलेलं कापड घ्या गाळायला, जन्मभर पुरेल.”

“कुठे चाललीस? आज रविवार,” आतून आवाज आला.

“कॉफी प्यायला.”

“अगं, पण घरी आहे. पास झालेली.”

बहीण ग्लास घेऊन अर्धवट उठली होती. पडदेवालीने तिला हाताने बसवलं. “तू नको. तू संपव ती, आणि चांगली झाली म्हणून सांग त्यांना. खोटं बोलावं लागणार नाही.”

कॉफीच्या दुकानात रविवारची झुंबड होती. तिच्या कोपऱ्यात दोन पोरी एकमेकींचे फोटो काढत होत्या. ती खांबाशेजारच्या उंच स्टुलावर, एका अनोळखी माणसाच्या बाजूला जाऊन बसली. ग्लास आला. तिने एक घोट घेतला. कडू, पाणचट, बर्फच बर्फ. घरच्या कॉफीची सर हिला जन्मात येणार नव्हती.

“मी पहिल्यांदाच आलोय,” शेजारचा माणूस म्हणाला. तो पाटीवरची लांबलचक यादी वाचून कंटाळला होता. “गार कॉफी कशी आहे इथली?”

“वाईट,” पडदेवाली म्हणाली, आणि काउंटरवरच्या मुलीला हात करून स्वतःसाठी दुसरी मागवली.